डेल्बर्टची टाच

वेसेली गावात एमिल कुबेनाला नावानं फारसं कुणी हाक मारत नाही. सगळे त्याला फिल्मवाला म्हणतात. तीस वर्षं तो पशुखाद्याच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. पण शुक्रवारचा सामना अवघड असला की शाळेच्या अमेरिकी फुटबॉल संघाचा कोच पेंडीची पोती ओलांडून त्याच्याकडेच येतो आणि फोन पुढे धरतो. समोरच्या संघाच्या आधीच्या सामन्याची फिल्म हल्ली फोनातच असते. एमिल चष्मा कपाळावर ढकलतो, दोनचार वेळा फिल्म मागेपुढे करतो आणि सांगतो, "हा बहात्तर नंबर बघ. चेंडू ह्याच्या बाजूनं यायचा असला की हा पठ्ठ्या आधी हातमोजा ओढतो." आणि शुक्रवारी तसंच होतं.

लोकांना वाटतं, ही देवाची देणगी आहे. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी तसं म्हणालं की एमिल विषय बदलतो. लोक त्याला विनय समजतात. विनय कसला डोंबलाचा! हे फिल्म वाचणं कुठून सुरू झालं ते त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि कौतुक ऐकलं की त्याला नेमकं तेच आठवतं.

एकोणीसशे त्र्याऐंशीचा हंगाम होता. वेसेली आणि डनिगन या दोन गावांमध्ये टेक्सासच्या नकाशावर बोटभर अंतर नाही. मध्ये एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडची मुलं वेसेलीच्या शाळेत जातात, पलीकडची डनिगनच्या. चर्च मात्र दोन्हीकडच्या चेक वंशाच्या घरांना मिळून एकच. त्यामुळे शुक्रवारी एकमेकांच्या बरगड्या मोजणारी पोरं रविवारी एकाच बाकावर गुडघे टेकतात. एमिल अलीकडचा, त्याचा मावसभाऊ डेल्बर्ट ओर्साक पलीकडचा. वयात तीन महिन्यांचं अंतर. खसखशीचे कोलाच, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, ह्यानं निम्मे त्याच्या घरी खाल्ले आणि त्यानं निम्मे ह्याच्या.

डेल्बर्ट धिप्पाड होता आणि त्या अंगाच्या मानानं चपळही. डनिगनच्या संघात तो गार्ड होता, म्हणजे स्वतः चेंडूला हात न लावता चेंडूवाल्याची वाट मोकळी करणारा. ज्या बाजूला डेल्बर्ट मुसंडी मारायचा, त्याच बाजूनं मागून चेंडू यायचा. त्या वर्षी एका कॉलेजचा माणूस त्याच्यावर नजर ठेवून होता. कॉलेजनं घेतलं असतं तर फीपासून जेवणापर्यंत सगळं त्यांचं. ओर्साकांच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

एमिल म्हणाल तर बाकावरचा खेळाडू. बचावात त्याची जागा होती, पण तिच्यावर दुसराच कुणी खेळायचा.

त्या काळी शनिवारी सकाळी दोन्ही गावांचे कोच अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर भेटत आणि फिल्मचे पत्र्याचे डबे अदलाबदल करत. आपली फिल्म न कापता समोरच्याला द्यायची हा रिवाज होता, आणि तो मोडणाऱ्याला जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. रविवारी दुपारी जीवशास्त्राच्या वर्गात पडदे ओढून मुलं ती फिल्म बघत. तिथं जे दिसलं ते त्या वर्गाबाहेर बोलायचं नाही, हा दुसरा रिवाज.

डनिगनची फिल्म लागली. कोच स्टोव्हलनं एकच चाल दहा वेळा मागेपुढे केली.

"कुणाला काही दिसतंय, का नुसत्या पापण्या मिटताय?" कोच खेकसला. "हा ओर्साक कधी डावीकडे जाणार आणि कधी जागेवर राहणार, ते मला हवंय. त्याच्या थोबाडावर तर काही लिहिलेलं नाही!"

एमिलला दिसलं होतं. खरं सांगायचं तर फिल्ममध्ये नव्हतंच दिसलं. फिल्म दाणेदार, अंधुक. पण आजोबांच्या गोठ्यापासून कुंपणापर्यंत त्या दोघांनी हजार शर्यती लावल्या होत्या, आणि पळायच्या आधी डेल्बर्टची डावी टाच जमिनीवरून केसभर उचलली जायची हे एमिलला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. कुठं बघायचं हे माहीत असलेल्यालाच ते दिसलं असतं.

तो गप्प बसला. मग त्याला आपला बाक आठवला.

"सर, डावी टाच," तो म्हणाला.

कोचनं फिल्म मागे घेतली. टाच उचललेली, डेल्बर्ट बाजूला पळाला. टाच खाली, तो जागेवर राहिला. सहा चालींत सहा वेळा. वर्गात एकदम कल्ला झाला.

"कुबेना, शुक्रवारी तू खेळतोस," कोच म्हणाला.

आणि एमिल खेळला. चेंडू जायच्या आधी तो तिथं पोचलेला असायचा. डेल्बर्ट वाट मोकळी करायला धावे, तर वाटेत एमिल आधीच उभा. वेसेली एकवीस, डनिगन सहा. लोकांनी एमिलला खांद्यावर घेतलं. डेल्बर्टचा बाप मान खाली घालून गाडीकडे गेला.

रविवारी प्रार्थना झाल्यावर डेल्बर्टनं एमिलला पेकानच्या झाडाखाली गाठलं. त्याच्या गालावर खरचटलं होतं.

"लेका, जादू केलीस का रे माझ्यावर?" तो हसत म्हणाला. मग त्याचं हसू ओसरलं. "आमच्या कोचनं काल वीसदा बघितली फिल्म. त्याला काही सापडत नाही. माझ्याकडून काहीतरी कळतंय तुला, एमिल. काय करतोय मी? पुढच्या सामन्याला तो कॉलेजवाला येतोय."

एमिलच्या कानात कोच स्टोव्हल होता. बाद फेरीत पुन्हा गाठ पडू शकते, तोंड उघडलंस तर बघ. 'सांगता येत नाही रे' एवढं त्याला म्हणता आलं असतं. डेल्बर्टनं दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय मिटला असता, कारण रिवाज त्यालाही ठाऊक होता. पण नुकता खांद्यावरून उतरलेला सतरा वर्षांचा मुलगा 'सांगता येत नाही' म्हणत नाही. त्याला जाणकार दिसायचं असतं.

"चाल सुरू झाली की तू पवित्र्यातून उशिरा उठतोस," एमिल म्हणाला. "अर्धं पाऊल. पाय जड पडतात तुझे."

डेल्बर्टनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं.

"खरंच?"

"फिल्ममध्ये दिसतं ना."

"बरं झालं सांगितलंस," डेल्बर्ट म्हणाला. "दुसऱ्या कुणी तोंडावर सांगितलं नसतं."

त्या आठवड्यात तो पवित्र्यातून लवकर उठायला शिकला. इतका लवकर, की कॉलेजच्या माणसासमोर चेंडू हलायच्या आधीच तो चार वेळा पुढे झेपावला. चारही वेळा पंचाचा नियमभंगाचा पिवळा रुमाल पडला, आणि दर वेळी संघाला पाच यार्ड मागे सरकावं लागलं. उत्तरार्धात कोचनं त्याला बाकावर बसवलं. कॉलेजचं पत्र आलंच नाही. आणि बाद फेरीचं म्हणाल तर वेसेली पहिल्याच सामन्यात गारद झाली. दोन्ही संघांची त्या वर्षी पुन्हा गाठच पडली नाही. खोटं बोलून एमिलनं काय राखलं, तर काहीच नाही.

डेल्बर्टचं पुढं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. तो खडीचा ट्रक चालवू लागला, बर्निसशी लग्न करून ओढ्याच्या अलीकडे राहायला आला, दोन मुलं झाली. लग्नात एमिल त्याच्या शेजारी उभा होता. पुढे चाळीस वर्षं दोघं चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळले. एमिलनं स्वतःची समजूत घालून ठेवली होती, कॉलेजवाल्यानं तसंही त्याला घेतलं नसतं. ही समजूत चांगली टिकली.

ती मोडली गेल्या वसंतात. शाळेनं कोठी रिकामी केली आणि जुने डबे फिल्मवाल्याच्या दारात आणून टाकले. एमिलनं जुना प्रोजेक्टर साफ केला आणि एका दुपारी त्र्याऐंशीचा डनिगनविरुद्धचा तो सामना लावला. टाच तर होतीच. पण ह्या वेळी त्यानं टाच सोडून पाय बघितले. एकेक चाल थांबवून, मागे घेऊन बघितली. एकूण बावन्न चाली होत्या. बावन्नच्या बावन्न वेळा मैदानावर सगळ्यांत आधी हलणारा माणूस डेल्बर्ट होता. एमिल अंधारात बसून राहिला आणि फिल्मचं टोक रिळावर फटफट आपटत राहिलं.

ऑगस्टमध्ये चर्चची जत्रा असते. पुरुष मंडळी सकाळपासून लोखंडी कढयांमध्ये मटणाचा रस्सा शिजवतात आणि वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्यांनी ढवळतात. डेल्बर्टच्या कढईशी तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. एमिल शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. आधी टाचेचं.

"टाच?" डेल्बर्ट खदखदून हसला. "साली टाच? आणि मी इतकी वर्षं समजतोय की तुझ्यावर खरंच देवाची कृपा आहे!"

"डेल, ऐक तरी. तुझे पाय जड नव्हते. ते मी खोटं बोललो. मी मध्यंतरी पुन्हा बघितली ती फिल्म. एकदाही उशीर केला नव्हतास तू. सगळ्यांच्या आधी उठत होतास."

डेल्बर्टचा हात थांबला.

"अरे ओर्साक, खाली लागतंय!" पलीकडच्या कढईवरून कुणीतरी ओरडलं.

तो पुन्हा ढवळू लागला. तळापासून, सावकाश. मग म्हणाला, "आमच्या थोरल्या वेनला संघात घ्यायचं म्हणून कोच घरी आला होता. आठवतं?"

एमिलला आठवत होतं.

"मी नाही म्हटलं. म्हटलं, आमच्या घराण्याचेच पाय जड, पोराचं हसं होईल. वेन आत जाऊन रडला. धाकट्याच्या वेळीही तेच सांगितलं. त्यानं तर विचारणंच सोडलं." डेल्बर्टनं पळीवरून हात काढून कपाळ पुसलं. "कोचला घेऊन तूच आला होतास, एमिल. माझ्या स्वयंपाकघरात बसला होतास."

"हो."

"ऐकलंस सगळं."

"ऐकलं."

"माझं जाऊ दे," डेल्बर्ट म्हणाला. "आपण पोरं होतो. पण त्या दिवशी तू चाळिशीचा बाप्या होतास. त्या दिवशी तरी बोलायचं होतंस."