जपानी सरांचे कोरे फुगे

जपानी सरांविरुद्ध तक्रार कोणी केली होती, असं आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अजूनही अधूनमधून कोणीतरी विचारतं. सेक्रेटरी या नात्याने मी म्हणतो, नाव गुप्त ठेवायचं असतं. खरं म्हणजे तक्रार आलीच नव्हती. ती मी रचली. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

सर देवगडचे. अंधेरीच्या एका कंपनीत यंत्रांच्या जपानी माहितीपुस्तकांचं भाषांतर करायचे, म्हणून जपानी. जाड चष्म्यामुळे सर. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने एकटे राहायचे. पन्नाशीचा माणूस आणि घरभर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तकं. गळती बघायला गेलो तेव्हा त्यातलं एक मी सवयीने डावीकडून उघडलं. "अहो सेक्रेटरी, उजवीकडून! थेट शेवटालाच हात घातलात," म्हणून ते हसले.

कागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या, त्यांवर पेन्सिलीने मराठी लिहायचं आणि पात्रांच्या तोंडच्या फुग्यांवर चिकटवायचं, हा त्यांचा नाद. कोणासाठी, विचारलं तर म्हणाले, "येईल कोणीतरी वाचायला." मी जाऊ लागलो. पहिल्याच पुस्तकात दोन पुरुषांचं प्रेम होतं. ते मुद्दाम दिलं का, मी विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात जे मी स्वतःशीही बोललो नव्हतो, ते त्यांच्या अक्षरात वाचत होतो.

"जुन्या चित्रकथांत आपल्यासारखा माणूस फक्त हसवायला," ते एकदा म्हणाले. 'आपल्यासारखा' ऐकून मी खाली बघितलं. "ओठ रंगवून, कंबर हलवत. मग आल्या गोड गोष्टी. त्यात प्रेम भरपूर, पण कोणाला घरमालक नाही, आई नाही, ऑफिस नाही! ही एकच बघा, खरी."

ती एका गावातल्या शाळामास्तरची होती. त्याचं गुपित फुटतं. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. तो नमस्कार करत जातो आणि समोरच्यांचे फुगे कोरे. त्यांवर सरांनीही पट्टी लावली नव्हती. "काय चिकटवू? कोणी बोलतच नाही."

हेच पुस्तक, मी अर्धं वाचलेलं, बायकोला सोसायटीच्या फायलींत सापडलं. दोन बोटांत धरून ती उभी. "शी! हे काय हो? आणि चक्क मराठीत?"

माझ्या तोंडून निघालं, "जप्त केलंय. तिसऱ्या मजल्याबद्दल तक्रार आलीय."

संध्याकाळपर्यंत बायकोकरवी ते चेअरमनांच्या घरी पोचलं. रविवारी कमिटीने सरांना बोलावलं. टेबलावर पुस्तक.

"फॅमिली बिल्डिंग आहे ना ही, सर? पोरंबाळं आहेत. अक्षर तुमचंच?" चेअरमन म्हणाले.

"माझंच."

"मग हे बाहेर कसं आलं? कोणाला दिलं होतंत?"

सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर माझं घर त्या दिवशी मोडलं असतं. ते चेअरमनांकडे वळले. "जिन्यात पडलं असेल माझ्या हातून."

भाडेकरार वाढवायला परवानगी नाही, असा ठराव झाला. इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द मी लिहिला. माझ्याच पेनने.

टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा सर जवळ आले. "मास्तरचं पुढे काय होतं, ते राहिलंच तुमचं. शेवटच्या पट्ट्या लावायच्यात अजून. पुस्तक द्याल का?" चेअरमन गेटपाशीच होते. मी म्हणालो, "ऑफिसच्या कपाटात आहे. आता नाही देता येणार." सरांनी मान हलवली, नेहमीसारखी, आणि टेम्पोत बसले.

नंतर दोनदा त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. तिसऱ्यांदा आला नाही. आता तो नंबर बंद आहे. अंधेरीला गेलो, तर नोकरी सोडून गेलेले. देवगडला त्यांच्या भावाला फोन लावला. "तो आमचो कोणी नाय," एवढं बोलून त्याने ठेवला.

पुस्तक कपाटात आहे. शेवटच्या चाळीसेक पानांवर पट्ट्या नाहीत, मला त्यातलं अक्षर कळत नाही. मास्तर जगतो की नाही, माहीत नाही. सरांचंही माहीत नाही.

ते पुस्तक मी सरांना देणं लागतो. आणि त्याच कमिटीसमोर, त्याच टेबलाशी उभं राहून एक वाक्य: ते जिन्यात पडलं नव्हतं, मी मागून नेलं होतं, माझ्यासाठी. दोन्ही अजून दिलेली नाहीत.