अकरा बाटल्यांना एकच वास

माझ्या मामाचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. तो जुन्या वाइनच्या बाटल्यांची बुचं बदलून देतो. हौशी लोकांच्या तळघरांत वीस-वीस, तीस-तीस वर्षं बाटल्या आडव्या पडलेल्या असतात. आतली वाइन टिकते, पण बूच थकतं. ते भुसभुशीत होतं, वाइन थेंबाथेंबाने उडत जाते आणि बाटलीची मान रिकामी दिसायला लागते. अशा वेळी मामाला बोलावणं येतं. घरात आम्ही सगळे त्याला बूचमामा म्हणतो. त्याचं लग्न ठरताना मामीच्या वडिलांनी "मुलगा काय करतो?" असं विचारलं, तेव्हा आजोबांनी "काचेच्या मालात आहे" असं सांगून वेळ मारून नेली होती.

शाळेत त्याचा जीव कधी रमला नाही. बाबा वाइनच्या कारखान्यात पंप आणि नळ सांभाळायचे. आईने त्यांच्या मागे लागून लागून आपल्या या धाकट्या भावाला तिथे चिकटवलं. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराने त्याला हे काम शिकवलं. चूक झाली की तो म्हातारा बोटांवर पट्टी मारायचा. पुढे मामाने नोकरी सोडून स्वतःचा धंदा केला आणि चाळीस वर्षं नाव राखून केला. त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार अशी आली नाही.

परक्याच्या घरी गेला की तो आधी हात धुणार, मग टेबलावर पांढरा रुमाल पसरणार, त्यावर हत्यारं मांडणार. पीळदार स्क्रू, जुनं बूच अख्खं निघावं म्हणून दोन पात्यांचा चिमटा, छोटं नरसाळं, नवी बुचं. रिकाम्या माना भरायला तीच, त्याच वर्षाची वाइन लागते. म्हणून डझनातली एक बाटली उघडायची आणि तिच्यातून बाकीच्या अकरांना दोन-दोन बोटं द्यायची. त्या एका बाटलीला मामा 'दाता' म्हणायचा. दाता उघडला की घोटभर पेल्यात ओतून आधी स्वतःच्या नाकाला, मग जिभेला, मग मालकाला. मालकाने मान डोलावल्याशिवाय नरसाळ्याला हात लावायचा नाही. "रक्त देण्याआधी तपासतात की नाही?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर मालकीणबाई हसायच्या आणि चहा यायचा.

आमच्या घरीही अशा डझनभर बाटल्या होत्या. एका वर्षी द्राक्षं अशी काही उतरली की कारखान्याने प्रत्येक कामगाराला बारा-बारा बाटल्या दिल्या. बाबांनी त्या जिन्याखालच्या खोलीत आडव्या रचल्या आणि म्हणाले, "तीस वर्षं हात लावायचा नाही." चौथ्या वर्षी ते गेले. आई वाइनच्या थेंबालाही शिवणारी नव्हती, वाइनचं नावही न घेता नुसतं 'ते' म्हणायची. पण तीस वर्षं म्हणजे तीस वर्षं. खोलीत दिवा लावायचा नाही, टॉर्च घेऊन जायचं. रंगाचे डबे नाहीत, रॉकेल नाही, कांद्याची टोपली नाही. मी कॉलेजात असताना माझी सायकलसुद्धा तिने तिथे ठेवू दिली नाही, चेनच्या तेलाचा वास लागेल म्हणून. सायकल पावसात गंजली. "सायकल नवीन मिळते," असं म्हणाली.

वीसेक वर्षांनी बाटल्यांच्या माना रिकाम्या दिसायला लागल्या, तेव्हा तिने भावाला बोलावलं. तो एका रविवारी जेवायला आला. दुपारी त्याला एका बड्या गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर जायचं होतं. त्यामुळे पांढरा रुमाल पिशवीतच राहिला, आमच्या ओट्यावरचं फडकं त्याला पुरलं. मी बाटल्या आणून देत होते. माझी काकू, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, शेंगा सोलत बसली होती. मामाने दाता उघडला आणि सरळ नरसाळं उचललं. आई हातात छोटी वाटी घेऊन उभी होती.

"अरे, आधी चाखून बघ ना. लोकांकडे बघतोस तशी."

"ताई, आता तू मला बूच लावायला शिकवणार?" मामा म्हणाला. "आत्ताच जेवलोय, तोंडाला चव नाही. आणि घरचंच तर आहे."

काकू हसली. मीही हसले. आईने वाटी परत फळीवर ठेवली.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. यंदा आईने घर विकायचं ठरवलं, कारण जिने चढवेनात. ती माझ्याकडे राहायला येणार होती. बाटल्या काही माझ्या दोन खोल्यांत मावणार नव्हत्या आणि तीस वर्षंही कधीच उलटली होती. तेव्हा घरातलं शेवटचं जेवण करायचं आणि बाटल्या संपवायच्या, असं ठरलं. काका-काकू, चुलत भावंडं, बाबांचे कारखान्यातले दोन जुने सोबती, मी धरून पंधरा माणसं जमली. आईने टेबलं जोडून इस्त्रीच्या चादरी पसरल्या होत्या. पेले शेजाऱ्यांकडून आणले होते.

मामा आज रुमाल घेऊन आला होता. पहिल्या बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून त्याने ती हळूहळू सुरईत ओतली. तळाचा साका बाटलीतच राहिला. रंग सुरेख होता, मध्ये गडद आणि कडेला विटकरी. "वा!" असं सगळेच म्हणाले. मामाने पेला नाकाशी नेला. मग पुन्हा नेला.

"एखादी निघते अशी," तो म्हणाला. "दुसरी उघडू."

दुसरी उघडली. तिसरी उघडली.

"मला तर भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वास येतोय," काकू म्हणाली.

"छे, माझ्या मोज्यांचा आहे," काका म्हणाले. "बूचराव, मी ते तुमच्याकडे दिले नव्हते ना ठेवायला?"

सगळे खो-खो हसले. मला मात्र तिसऱ्या बाटलीच्या वेळी ती रविवारची दुपार आठवली होती. हे मी इथे सांगते आहे, कारण तिथे सांगितलं नाही. सहाव्या बाटलीपर्यंत लोक पाण्यावर आले, पण मामा थांबेना. एकामागून एक त्याने अकराच्या अकरा उघडल्या. माणूस मनाचा मोठा आहे, असं कारखान्यातले सोबती एकमेकांना म्हणाले.

"आता तुम्हीच निकाल द्या," काका म्हणाले. "माल खराब की साठवण खराब?"

मामाने हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"माल उत्तम होता," तो म्हणाला. "ओल लागली."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. ती वाढायचा डाव हातात घेऊन दारात उभी होती.

"ओल? तिथे? अहो, तिथे मी रद्दी ठेवते. वर्षभर कडक असते."

"वहिनी, माणसाला कळत नाही, बाटलीला कळतं," काका म्हणाले आणि पुन्हा हशा झाला.

आणि मी म्हटलं, "आई, तरी मी सांगत होते, ती खोली अधूनमधून उघडत जा." मी असं कधीही सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांच्या बाजूला असणं सोपं होतं, एवढंच.

"असेल," आई म्हणाली आणि पेले गोळा करायला लागली. दोघांचे तर अजून हातात होते. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने अकराही बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. नळ बराच वेळ चालू होता. मामा जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

आठ दिवसांनी मी सामान बांधायला गेले, तर फाटकाशीच मामा भेटला. रिकामी खोकी घेऊन मदतीला आला होता. दार उघडंच होतं आणि आतून ठोकण्याचा आवाज येत होता. जिन्याखालच्या खोलीत एक गवंडी भिंतीचा गिलावा फोडत होता. कमरेइतका भाग उघडा पडला होता. आई तोंडाला पदर लावून टॉर्च धरून उभी होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"ओल शोधतेय. नव्या लोकांना फसवून घर द्यायचं का? फोन करून कळवलं मी त्यांना, जिन्याखाली ओल आहे, नीट करून देते म्हणून."

"बाई, इथे ओल निघाली तर मी मिशी उतरवतो," गवंडी म्हणाला. "ही धूळ बघा, पिठासारखी उडतेय."

"आत खोलवर असेल. तुम्ही फोडा. माझा भाऊ त्यातला आहे, त्याचं नाक चुकत नाही." मग तिने मामाला पाहिलं. "आलास? बरं झालं. ये, दाखव यांना नेमकी कुठे आहे ती."

गवंड्याने हातोडा खाली घेतला आणि तो अदबीने बाजूला सरकला. "दाखवा साहेब."

मामाच्या दोन्ही काखांत खोकी होती. ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"ताई, ओल नाहीये."

"म्हणजे? तूच म्हणालास ना?"

"खोलीने बिघडवल्या असत्या तर अकरा बाटल्या अकरा तऱ्हांनी बिघडल्या असत्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एखादी आंबली असती, एखादी पाणचट झाली असती, एखादी फक्कडही निघाली असती. प्रत्येक बाटलीचं म्हातारपण वेगळं असतं. सगळ्यांना एकच वास येतो तेव्हा तो एकाच बाटलीतून गेलेला असतो. दात्याच्या बुचातच बुरशीचा वास मुरला होता. शेकड्यात एखादं निघतं तसं. बाहेरून कळत नाही. चाखलं की कळतं."

"तू चाखलं नव्हतंस."

"नाही."

"मी वाटी घेऊन उभी होते."

"हो. म्हणून तर त्या दिवशी सगळ्या उघडत गेलो. म्हटलं, एक तरी वेगळी निघू दे."

आईने टॉर्च बंद केला. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"पंधरा माणसं होती, ताई. चाळीस वर्षांचा धंदा आहे माझा."

"माझ्यासमोरही तीच पंधरा होती."

"मला वाटलं, तुला काय फरक पडणार आहे... घरचीच तर माणसं."

स्वतःच्या हाताने कोरडी ठेवलेली भिंत, आणि भाऊ म्हणाला म्हणून आठ दिवसांत तिने ती कमरेइतकी फोडून घेतली होती. भिंतीवरून फिरणाऱ्या आपल्या तळहातापेक्षा तिला त्याच्या नाकाचा भरवसा जास्त वाटला होता. मला तिच्याकडे बघवेना. मामाकडेही बघवेना. मी खोकी मोजायला लागले, ती चारच होती.

"मग मी थांबू का?" गवंड्याने विचारलं.

"थांबा. चहा घ्या. मग परत गिलावा करायचाय," आई म्हणाली. मग तिने टेलिफोनची डायरी आणली आणि मामाला पुढच्या खोलीतल्या स्टुलावर बसवलं. "सगळ्यांना सांग. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेव फोनचा."

पहिला फोन काकांना.

"अहो बूचराव, कुठलं काय घेऊन बसलात! आम्ही विसरलोसुद्धा."

"मी नाही विसरले, भाऊजी," आई बसल्या जागेवरून म्हणाली. पलीकडे काका कसनुसं हसून काहीतरी पुटपुटले. मागून काकूचा आवाज आला, "मला वाटलंच होतं!" त्या दुपारी शेंगा सोलता सोलता हसली होती ती हीच.

दुसऱ्या फोनवर मामा म्हणाला, "त्या दिवशी जरा गडबड झाली होती..."

"गडबड नाही. नीट सांग."

मग त्याचं वाक्य बसलं. "त्या दिवशी मी ओल म्हणालो ते खोटं होतं. खोली कोरडी आहे. चूक माझी होती." कारखान्यातल्या सोबत्यांना सांगताना तो अडखळला, कारण त्यांच्यापैकी एकाने त्या बोटांवर पट्टी मारणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण काढली. शेवटचा फोन नव्या घरमालकांना लावला. त्यांना तर सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, भुवयांवर चुन्याची धूळ, आणि कानाच्या पाळ्या लाल. गवंडी चहाची कपबशी हातात धरून दाराशी सगळं ऐकत होता. त्याला जायला सांगावं, असं आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मामाने फोन ठेवला. "झालं."

"नाही झालं," आई म्हणाली. "ही पण होती जेवायला."

"अगं, तिने आत्ता सगळं ऐकलं की."

"तिने तेव्हाही सगळं ऐकलंच होतं."

मामा स्टुलावर माझ्याकडे वळला आणि एकही शब्द न गाळता त्याने ते वाक्य मला सांगितलं. मी "बरं" म्हटलं. त्याचं काम संपलं. तो उठला आणि गवंड्याबरोबर ढिगारा उचलायला आत गेला.

आई मात्र तिथेच बसून राहिली. डायरी मांडीवर मिटलेली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती वाट बघितल्यासारखी. 'खोली उघडत जा' असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, आणि आता बोलायची पाळी माझी होती, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं, आणि पहिले शब्द निघाले ते, "अगं, पण आई..."