साहेबांच्या तीन बंदुका

बीडच्या तहसील कचेरीत मी नकलनवीस होतो. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं सुबक अक्षरात पुन्हा लिहून काढायचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही. पण कचेरीतला एकुलता एक कॅमेरा मला चालवता येत असे, म्हणून जिल्ह्यातले अंमलदार आपापल्या शिकारीचे बिघडलेले फोटो माझ्याकडे धाडत. कुणाच्या हरणाला सहा पाय, कुणाचा लांडगा बिनमुंडक्याचा, कुणाचा मोर म्हणजे नुसता धूर. एकानं तर सहा पायांचं हरीण हा नवाच प्राणी समजून त्याला स्वतःचं नाव द्यायची तयारी केली होती. माझं निदान ठरलेलं असे: जनावर हललं. काचेवर चित्र उमटायला दोन-तीन सेकंद लागत, तेवढ्यात जो हलला तो फिसकटला. या निदानावर कुणीच रागावलं नाही, कारण जनावरं तक्रार घेऊन कचेरीत येत नसत.

मग शिरूर कासारच्या डोंगरात एक बिबट्या मेला. मेंढरांवर झेपावला होता, तो एका म्हाताऱ्या धनगरानं कुऱ्हाडीनं आडवा केला. दुसऱ्या दिवशी आमचे तहसीलदारसाहेब घोड्यावरून तिथं पोचले आणि शिकार साहेबांची ठरली. धनगराची काही हरकत नव्हती. त्या साली पाऊस रुसला होता, गवत उरलं होतं ते फक्त सरकारी रमन्यात, म्हणजे राखीव कुरणात, आणि तिथं परवान्याशिवाय शेळीचं करडूही शिरू शकत नव्हतं. साहेब त्याला म्हणाले, "फोटो अच्छा आया तो परवाना मिल जाएगा." मेंढरांचं जगणं-मरणं असं माझ्या काचेवर येऊन ठेपलं.

साहेबांना बिबट्या जिवंत दिसायला हवा होता. आम्ही त्याला बांबूचे टेकू देऊन उभा केला. मान सारखी लोंबत होती, म्हणून ती सावरून धरायला धनगर मागच्या झुडपाआड बसला. झुडूप अंग झाकण्यापुरतं होतं, चेहरा झाकण्यापुरतं नव्हतं. पण साहेबांना आपल्यापलीकडे काही दिसत नव्हतं आणि मला सांगायचा धीर झाला नाही. साहेबांनी चार पावलांवरून बंदूक रोखली. मी भिंगावरचं झाकण काढून मोजायला लागलो. दोन म्हणतोय तोच साहेबांचाच घोडा मागं फुरफुरला.

काच धुतली आणि मी कपाळावर हात मारला. बिबट्याची मिशी न् मिशी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. धनगराच्या तोंडावरचे देवीचे व्रणसुद्धा आले होते. साहेबांना मात्र दोन तोंडं होती, तीन बंदुका होत्या आणि मिशांचा पत्ता नव्हता.

कचेरीत निदानासाठी सभा भरली. वैद्यबुवा म्हणाले, बिबट्या मेला तरी त्याची उष्णता तीन दिवस जात नाही, तिनं हवा थरथरते. मदरशाचे मास्तर म्हणाले, साहेबांचं तोंड दक्षिणेकडे होतं, दुसरं काय व्हायचं! साहेबांचे कागद सांभाळणाऱ्या पेशकारांनी दोघांवर कडी केली. त्यांचं म्हणणं, हुजुरांच्या चेहऱ्यावरचं तेज काचेला पेललं नाही. इतकी वर्षं नोकरी करून माणूस असा तयार होतो. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब खूश झाले. परवान्याचा कागद पुढं ओढून त्यांनी लेखणी उचलली. धनगर सकाळपासून दारात उभा होता. एवढी शहाणी माणसं अडलेली बघून त्याला राहवलं नाही.

"सरकार, मेलेलं कशापायी हालंल? मी बी हाललो न्हाई. तुमीच हाललाव. घोडं फुरफुरलं तवा लई दचकलाव."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

म्हातारा अक्षर न् अक्षर खरं बोलला होता, आणि त्या खऱ्यापायी त्याची मेंढरं जाणार होती. मी पुढं झालो.

"हुजूर, या अडाण्याला काय कळतंय! पेशकारसाहेब म्हणतात तेच बरोबर. तेज असलं की चित्र फाकतं. मुडद्यात तेज नसतं, म्हणून बिबट्या स्वच्छ आला. या धनगरातही नाही, म्हणून हाही स्वच्छ आला."

साहेब पोट धरून हसले. पेशकार हसले म्हणून सगळी कचेरी हसली. सही झाली, आणि माझं निदान माझ्याच सुबक अक्षरात लिहून फोटोखाली लावायचा हुकूमही झाला.

धनगर बाहेर कागद घडी करून पागोट्यात खोचत होता. मला त्याच्याकडे बघवेना. अशी शरम मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही. मी म्हणालो, "बाबा, मनावर घेऊ नका. बोलावं लागलं."

"न्हाई वो, मुन्शीजी. मेंढरं जगली, लई झालं." तो पायऱ्या उतरला, आणि खाली थांबून वळला. "पर तुमी तीन म्हणस्तोवर मी श्वास दाबून धरलता. तुमचं चित्तर बिघडू न्हाई म्हणून."