वेणूआत्याची भूक

वेणूआत्या खादाड, हे आमच्या जांभूळ गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिच्याशिवाय पान हलत नाही. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी गाते, देवांना मांडवात बोलावते आणि लग्नघर तिला पोटभर जेवू घालतं. तिनं स्वतःहून मागायचं मात्र नसतं. समोर आलेलं ताट आत्या चाटूनपुसून संपवायची आणि पुन्हा वाढायला आलेल्याला नको म्हणायची नाही. "आत्या, देवांना काय ठेवलंस का?" असं पोरं विचारायची, बायका पदराआड हसायच्या. आत्याही हसायची. मला तिच्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

अंग सुटत गेलं, साखर वाढली, पायाची जखम भरेना. मुलगा अनंता तिला उल्हासनगरला विनिता डॉक्टरांकडे घेऊन गेला. तो अंबरनाथला कारखान्यात कामाला. पाळी बुडवावी लागली म्हणून आधीच चिडलेला.

"मॅडम, हिला जरा दम भरा. तोंडावर ताबाच नाय."

डॉक्टरांनी दम भरला नाही. म्हणाल्या, "पोट भरलं की शरीर मेंदूला निरोप पाठवतं, बस आता. मेंदूच्या पेशींत एक एन्झाइम असतं, ते असे निरोप पुसत राहतं. काही लोकांत ते जास्तच पुसतं, असं दिसतंय. मग जेवून उठलं तरी मेंदू म्हणतो, भूक आहे. इन्सुलिनचाही निरोप असाच पुसला जातो, साखर बिघडते. उंदरांत हे बघितलंय, माणसासाठी औषध अजून हातात नाही. अब इनको डांटने से क्या होगा?"

आत्या तिथंच रडली. एवढ्या वर्षांत तिची भूक पहिल्यांदाच कुणी खरी मानली होती.

इन्सुलिनची सुई सुरू झाली. टोचली की लगेच जेवायचं, हे आत्यानं नीट ध्यानात ठेवलं. अनंताच्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं, की आईला पोट भरल्याचं कळत नाही. म्हणजे दुसऱ्यानं आवरायला हवं. त्याची माया खोटी नव्हती, हेच वाईट.

गावातल्या कोंडाजींच्या घरी मुलाची हळद होती. कामावर जाताना अनंता त्यांच्या दारात थांबला. "काका, आईला ताट वाढू नका. डॉक्टरांनीच सांगितलंय." आत्याला हे कुणी बोललं नाही. दुपारी ती नेहमीसारखी घरी सुई टोचून मांडवात गेली. लग्नघर म्हटल्यावर ताट येणारच.

ताट आलं नाही. मागायची रीत नव्हती, आणि खादाड म्हणवून घेण्याचा तिला आता वीट आला होता. ती गात राहिली. सुईनं साखर खाली खेचली होती आणि वर चढवायला पोटात घास नव्हता. एकेका देवाला आवतण देता देता तिचे हात कापायला लागले, चोळी घामानं भिजली, शब्द उलटसुलट झाले.

कुणीतरी म्हणालं, आत्याच्या अंगात आलं. देवांना बोलावतानाच आलं, मग शंका कुणाला? धूप पेटला, तिच्या कपाळाला हळद फासली, माणसं पाया पडायला लागली. नवऱ्या मुलाच्या आईनं पदर पसरला. "आई, काय पायजे तुला?"

"जेवान," आत्या कशीबशी म्हणाली.

देवीला कोंबडा हवा, असं सगळ्यांनी ठरवलं आणि एक जण मोटरसायकलवर तो आणायला गेला. लाडवांची परात शेजारीच होती. कोंबडा येईपर्यंत आत्या आडवी झाली. वारं उतरलं, आता पडू द्या म्हणून लोकांनी तिला निजू दिलं. संध्याकाळी अनंता आला तेव्हा तिला उचलून बदलापूरच्या दवाखान्यात नेलं.

ती जगली. पण इतका वेळ साखरेवाचून राहिलेल्या मेंदूतून धवले गेले, माणसांची नावं गेली, पोटचा मुलगाही गेला. अनंताला ती परक्यासारखं अहो-जाहो करते. भूक तेवढी राहिली. आता तोच तिला भरवतो. ठरवून दिलेली वाटी संपली तरी ती तोंड उघडून त्याच्याकडे बघत बसते, आणि थांबायचं कधी, हे अनंतालाही कळत नाही.