कुसळवाली

तिच्या हाताला स्वस्थता नव्हती. समोर कापड आलं की त्यावरून नख फिरवणारच. आमच्या दुकानात बसली तरी गादीची खोळ खरवडायची. घाटंजीतल्या आमच्या आळीतल्या शिंप्याची ही मुलगी पुण्याला संशोधन करत होती. काचेच्या पट्टीवर बारीक तंतूंची लव तयार करायची आणि वरून रक्त सोडायचं. बाकीचं रक्त वाहून जातं, कॅन्सरची चुकार पेशी तेवढी अडकते. मला कळावं म्हणून म्हणाली, "काका, बांधावरचं कुसळ लुगड्यालेच धरते ना, काचेले नाई धरत. तसंच." तेव्हापासून मी तिला कुसळवाली म्हणू लागलो.

कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या बायकोनं आपणहून या संशोधनासाठी रक्त दिलं. निकाल रुग्णाला कळवणार नाही, अशी अट होती. मी हमालीपासून कापसाच्या खरेदीपर्यंत आलेला माणूस. अट म्हणजे बोलणी सुरू करायची जागा, असंच समजत आलो.

दिवाळीत ती आली तेव्हा मी दार लोटून विचारलं, "अडकलं का काही? हो की नाई, एवढंच सांग."

"नाई सांगत, काका. माझी पट्टी अजून कच्ची आहे. तिच्यात काही सापडलं नाई, म्हणजे अंगात नाई असं नसते."

"कच्ची तर कच्ची. बोलाले काय जाते तुह्यं?"

"तुम्ही वरच्या मुठीवर गाडीचा भाव देता काय जी?"

देत नाही. वर कोरडा कापूस आणि पोटात ओला, हे मला ठाऊक. म्हणून मी कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसतो. माझंच माप माझ्या पदरात टाकून ती चहा पिऊ लागली. माझा आवाज तिच्या बापाच्या दुकानापर्यंत गेला. आमच्या रक्तावर मोठी झालीस, असंही म्हणालो. तिनं कप खाली ठेवला आणि आत सांगितलं, "काकू, साखर जास्त झाली."

पुढे ती परदेशी निघाली. बसस्टँडवर मी शेवटचा सौदा केला. "तोंडानं नको बोलू. मान हलव फक्त."

ती हसली. वाकून तिनं बायकोच्या पातळाच्या काठातलं कुसळ काढलं आणि म्हणाली, "काकू, नागपूरच्या तपासणीची तारीख चुकवू नका." बस गेली.

"सगळ्यायलेच सांगत असन ते," बायको म्हणते. असेल. विकणाऱ्याचा चेहरा मी लांबून वाचतो. या पोरीचा वाचता आला नाही, हा राग अजून गेलेला नाही. नागपूरच्या तारखा आम्ही चुकवत नाही. आजवर सगळं चांगलं निघालं. तरी गाडीत हात घातला की हल्ली तो तळापर्यंत चाचपत राहतो, आणि शेतकरी विचारतो, "शेठ, काही हरवलं काय?"