आईची डावी टाच

आईच्या टाचा... भेगाळलेल्या, भेगांत काळी माती भरलेली, दवानं भिजलेल्या पायवाटेवरून एकामागून एक उचलल्या जाणाऱ्या. माझ्या बालपणाचं पहिलं चित्र कोणतं म्हणाल, तर एवढंच. तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या शेपूची पाटी, पाटीतून ठिबकणारं पाणी पाठीवरून लुगड्यात मुरत जाणारं, आणि मागे मी — तो उग्र हिरवा वास छातीत भरून घेत, तिच्या पावलात पाऊल टाकत बाजाराला निघालेला. वाट बांधावरची, एका माणसापुरती. शेजारी चालायला जागाच नसायची. पुढे ती, मागे मी.

तिच्या डाव्या टाचेत कधीकाळी बाभळीचा काटा मोडला होता, तो काही निघाला नाही. म्हणून डावं पाऊल ती चवड्यावरच टेकवायची, टाच अधांतरी ठेवायची, आणि किंचित उजवीकडे झुलून पुढे व्हायची. पण पाटी? पाटी ढळायची नाही.

हल्ली मी जर्मनीत, इंगोलश्टाटला मुलाकडे असतो. शनिवारी इथेही बाजार भरतो. शेपूला हे लोक डिल म्हणतात आणि माशावर चिमूटभर भुरभुरतात — चिमूटभर! मी आपली जुडी घेतो. एका शनिवारी ती जुडी नाकाशी धरली आणि त्या टाचा डोळ्यांपुढे चालू लागल्या. घरी येऊन बूट काढायच्या आधी मी सुनेला हाक मारली.

"मृणाल, तुझ्या कॉम्प्युटरवर चित्र चालतं करता येतं म्हणालीस ना? मला आईला चालवायचंय."

आईचा फोटो नाही. कुणी काढलाच नाही. तिला चालताना पाहिलेला माणूस आता मीच एक उरलोय. मी गेलो की ते चालणंही जाणार. शाळा माझी चौथीतच सुटली हे खरं, पण जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले आणि हात अजून थरथरत नाही. तेव्हा या वयात कशाला, हे मला कुणी सांगायचं काम नाही.

मृणालनं सांगितलंही नाही. तिनं टॅबलेट पुढ्यात ठेवला, हातात बिनशाईचं पेन दिलं. सॉफ्टवेअर तसं फोटो सुधारण्यासाठीचं, पण त्यात एकावर एक लेयर ठेवता येतात, पतंगाच्या कागदासारखे. खालचं पाऊल फिकं करायचं, त्यावर पुढचं पाऊल काढायचं, आणि मग सगळी चित्रं झरझर फिरवायची. शेवटचं पाऊल पहिल्याला बेमालूम जुळलं, की माणूस चालतच राहतो.

"बाबा, बाजूनं काढा हं. सगळे तसंच शिकतात, पाय नीट दिसतात."

बाजूनं काढलं. बाई चालली, पण ती कुणीतरी परकीच. नाक पुसलं, हनुवटी बदलली, पाटी पुढे-मागे केली... छे! खिडकीबाहेर बर्फ साचत होतं आणि मी त्या परकीकडे बघत बसलो होतो. मग कळलं — आईला चालताना बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मागून काढलं तर?"

"अहो बाबा, मागून फार अवघड जातं."

"अवघड ना? फरबोटन तर नाही?" जिथे तिथे मनाईच्या बोर्डावर दिसणारा हा शब्द मला पक्का पाठ आहे. ती हसली आणि नवा लेयर उघडून दिला.

बर्फ वितळेपर्यंत मी टाचा काढत होतो. लुगड्याचा कासोटा, पोटऱ्या, भेगा. एकदा मृणाल मागून डोकावून म्हणाली, "इथे डावी टाच टेकवायची राहिली, बाबा. लंगडल्यासारखं दिसतंय. मी करू नीट?"

"हात लावू नकोस," मी जरा जोरातच बोललो. "ते लंगडणं नाही. ते तिचं चालणं आहे."

थोड्या वेळानं तिनं माझ्याजवळ चहा आणून ठेवला आणि हळूच विचारलं, "दुखायचं का हो त्यांना?" आई त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

अखेर एका संध्याकाळी पाऊल पावलाला जुळलं. आई चालू लागली — पाठमोरी, पाटी स्थिर, चवडा, झोल, पुन्हा चवडा... कारखान्यातून आलेला अजय, माझा मुलगा, बॅग खांद्यावरच ठेवून बघत राहिला. त्याच्या जन्माआधीच ती गेलेली.

"बाबा, हे तर तुमचं चालणं!"

"काहीतरीच काय! ती तुझी आजी आहे."

"असेल. पण डावी टाच बघा ना. लहानपणी रंगाचे डबे घेऊन तुम्ही पुढे असायचात, मी मागे. मला नाही कळणार?"

मी खुर्चीतून उठलो, स्वयंपाकघरापर्यंत गेलो, परत आलो. दोघंही माझ्या पायांकडेच बघत होती.

माझ्या टाचेत कधी काटा मोडला नाही.

आता शनिवारी बाजारातून परतताना मी जुडी हातात घेऊन मुद्दाम पुढे चालतो. रस्ता इथला रुंद आहे, शेजारी चार माणसं मावतील. तरी अजय मागेच राहतो.