दाजींचा लॅपटॉप आणि माझा अंगठा

दाजींचा लॅपटॉप मी बिघडवला नव्हता. मी तो दुरुस्त केला होता.

लॅपटॉप ही पाहुण्यांनीच घरी आणायची वस्तू होती, तेव्हाची गोष्ट. नवरात्रात माझी धाकटी बहीण सुनीता आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पुण्याहून नाशिकला आले. दाजींना द्राक्ष निर्यातीच्या कंपनीत नवी नोकरी लागली होती. दसऱ्याच्या सकाळी पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं खोक्यांत भरायच्या शेडमध्ये, परदेशी पाहुण्यांना लॅपटॉपवर बागांचे फोटो दाखवायचे होते. पाहुणे खूश झाले तर नोकरी पक्की. नाहीतर पुन्हा पेपरातल्या जाहिराती!

आदल्या दिवशी खंडेनवमी. आईने पाटावर कात्री, पक्कड, विळी, माझे झाडून सगळे स्क्रूड्रायव्हर मांडले आणि शेजारी जावयाचा लॅपटॉप उघडून ठेवला. ("त्यांचं हत्यार तेच ना रे!") तिने हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं, आणि कुंकवाचा एक ओघळ पडद्याच्या चौकटीत शिरला. कोपऱ्यात लाल डाग! दाजी कामाला बाहेर गेलेले. पडदा तसा व्यवस्थित चालू होता, हे मला आज कबूल करायलाच हवं.

"चौकट उघडून पुसतो," मी म्हणालो. आजवर मी दोन मिक्सर उघडले होते. (त्यातला एक अजून माळ्यावर आहे.)

"पूजेतल्या हत्यारांना उद्यापर्यंत हात लावायचा नाही!" आई कडाडली.

लॅपटॉपही पूजेतलाच होता, पण तिला ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी सुनीताच्या नेलकटरने स्क्रू काढले. डाग पुसला, चौकट बसवली. दोन स्क्रू उरले. बटण दाबलं, तर पडदा काळाकुट्ट!

मी बटण पुन्हा पुन्हा दाबलं. "दादा, हलव जरा!" सुनीता रडवेली झाली. पडदा पुढे झुकवला, तर चित्र आलं. सोडला, गेलं! अर्धा मिटवून डावा कोपरा अंगठ्याने दाबून धरला तरच बागा दिसायच्या. कपड्यांचा चिमटा लावून पाहिला, रबर गुंडाळलं, चिकटपट्टी मारली. पण त्याला माझाच अंगठा हवा होता.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, माझीपण हत्यारं पूजेत आहेत. परवा या."

संध्याकाळी दाजी आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते दोन स्क्रू उचलून खिशात टाकले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"सुधीरराव," ते म्हणाले, "सकाळी सातला तयार राहा."

पॅकहाऊसमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर फाइल उघडेचना. मग काय, टेबलाच्या कडेला मी उभा! तासभर पडदा धरून. नाकावर माशी बसली, पाठीला कळ लागली, अंगठा बधिर झाला. पण मनात एकच धावा, देवा, माझ्या बहिणीचा संसार या अंगठ्यावर आहे रे! पाच पाहुणे टेबलावर ओणवे होऊन बागा बघत होते.

बागा त्यांना पसंत पडल्या. निघताना त्यांच्यातल्या वयस्कर साहेबाने माझ्याकडे बोट दाखवून दाजींना कौतुकाने विचारलं, "तुमच्याकडे प्रत्येक लॅपटॉपबरोबर असा एक माणूस मिळतो का?"

"नाही," दाजी म्हणाले, "हा बायकोबरोबर मिळाला."